राहण्याची सोय, पान चाळीस

विश्रांतवाडी, पुणे
१२ जुलै २०००

प्रिय नमू,

तुझं कार्ड मिळालं. एक तारखेला कंपनीत रुजू व्हायचं की नाही हे अजून ठरलं नाही, असं लिहिलंस. आणि खाली एका ओळीत विचारलंस की दादा, पुण्यावरची ही गाइडं नेमकी कुणाच्या उपयोगाची असतात? टोमणा कळला मला. भंडाऱ्यात राहून तू पुणेरी कधी झालीस? पण ज्याची भाकरी असल्याच पुस्तकांवर चालते, त्यानं उत्तर द्यायलाच हवं.

गाइड पारखायची माझी एक रीत आहे. आपल्याला माहीत असलेल्या जागेचं पान आधी उघडायचं. तिथे थाप मारलेली असेल, तर पुढचं वाचूच नये. आमच्या प्रकाशनाच्या कचेरीत सध्या टेबलावर तीन पुस्तकं आहेत. एक गुळगुळीत कागदाचं, इंग्रजी. त्यात शनिवारवाड्याला तीन पानं, बसथांबा एकही नाही. दुसऱ्यात यच्चयावत देवळं आहेत, पण नकाशात विश्रांतवाडीच्या जागी नुसता पांढरा कागद. तिसरं आमचं. कॉम्प्युटर कंपन्या ते गठ्ठ्यानं घेतात आणि नेमणूकपत्राबरोबर नव्या पोरांना देतात. तुलाही तेच आलं. कसबा पेठेत तांबटांचे ठोके कुठल्या गल्लीत ऐकू येतात, कोणती खानावळ सोमवारी बंद, दुपारी एक ते चार दुकानदाराला का उठवू नये, हे सगळं त्यात अगदी बरोबर आहे. मी पायी फिरून तपासलंय. फक्त पान चाळीस बरोबर नाही. ‘सदाशिव पेठेत होतकरू मुलामुलींना खोल्या सहज मिळतात, घरमालक शिस्तीचे, पण मायाळू.’ पुस्तकावर नाव मालकांचं, गोपाळकृष्णरावांचं असलं, तरी हे वाक्य माझं आहे, नमू.

लिहिताना ते मला खोटं वाटलं नव्हतं. मला खोली मिळालीच होती की. कशी मिळाली, ते घरी कधी सांगितलं नाही. त्र्याण्णव साली पुण्यात आलो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या दोन दारांवरून आडनाव ऐकून मला परत पाठवलं. तिसरं दार यमुनाबाईंचं. तिथे मी माझं नाव आणि बाबांचं नाव सांगून थांबलो. संजय रंगराव. गजभिये म्हणालोच नाही. रंगराव म्हणजे तुम्ही कर्नाटकातले का, असं त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. चार वर्षं राहिलो. टायफॉइड झाला तेव्हा त्या बाईंनी मऊ भात करून भरवला मला. तुमची पत्रं मी कचेरीच्या पत्त्यावर मागवायचो. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेच्या तळाशी, शर्टांखाली ठेवायचो. आईनं एकदा विचारलं, तुझी खोली बघायला कधी येऊ? मी म्हटलं, जागा फार लहान आहे. लहान नव्हती. मी यमुनाबाईंचं कौतुक मात्र घरी येऊन तोंड भरून केलं.

त्याच कौतुकानं तुझा घात केला. जूनमध्ये स्वतःच खोली ठरवून मला चकित करायचं म्हणून तू न कळवता आलीस. फोनवर जेवढं कळलं त्यावरून, पान चाळीस उघडून चार घरं फिरलीस आणि शेवटी भरवशाचं दार म्हणून यमुनाबाईंकडे गेलीस. पूर्ण नाव सांगितलंस, संजयची बहीण असंही सांगितलंस. खोली कालच गेली, असं त्या म्हणाल्या. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तुझ्या डोक्यावरच लटकत होती. मला न भेटताच तू संध्याकाळची गाडी धरलीस.

काल मी यमुनाबाईंकडे गेलो. दारातच उभं राहून पूर्ण नाव सांगितलं. भांडायचंच ठरवून गेलो होतो. त्या जराही आवाज न चढवता म्हणाल्या, “मला पहिल्या दिवाळीपासून ठाऊक होतं. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मला ठाऊक नसल्यासारखं राहता आलं. तुमच्या बहिणीनं सांगितलं.” मग चहा टाकू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. त्या बाईंचा मला संताप येतो आणि त्यांचा मऊ भातही आठवतो, दोन्ही एकदम. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आज कचेरीत मी पान चाळीसमधलं ते वाक्य खोडलं आणि ‘काही घरांत आडनाव विचारून नकार दिला जातो’ असं लिहून दिलं. गोपाळकृष्णराव म्हणाले, कंपन्यांना गोड पुस्तक लागतं. छापतील की नाही, सांगता येत नाही. माझी नोकरी राहील की नाही, तेही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या दिवशी एसटीडी बूथवरून तू रडत सगळं सांगितलंस आणि मी पहिलं काय बोललो? “पूर्ण नाव कशाला सांगितलंस?” तू फोन ठेवलास, तो आजवर पुन्हा केला नाहीस. पाच जणांनी तुला दारातून परत पाठवलं होतं, नमू. सहावा मी. मला त्या वाक्याची लाज वाटते. माफ कर. नोकरी सोडू नकोस, माझ्याकडे राहायला ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन. आणि यायचं नसेलच, तर ते त्या पाचांमुळे की माझ्यामुळे, एवढं मात्र कळव.

तुझाच,
दादा