आईची चाल, आमचं गाणं

आई, तू जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुला लिहावंसं कधी वाटलं नाही. पण परवा दिवेआगरला एका हळदीत मावशीने माझा हात घट्ट धरला, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

मी आता गाणी करते. मी आणि शाळेतली माझी ती मैत्रीण, म्हसळ्याच्या मोबाइलच्या दुकानवाल्यांची मुलगी, आपल्याकडे आली की घावणे संपवून जायची ती. शब्द आणि चाल माझी. ठेका, वाद्यं, सगळी जुळणी तिची. सुरुवात तिच्या दुकानामागच्या खोलीत झाली, भिंतींना गोधड्या लावून, आतेबहिणीच्या हळदीसाठी. ते गाणं या फोनवरून त्या फोनवर जात अलिबागपर्यंत पोचलं. मग मुंबईची एक कंपनी आली. आता पनवेलला आमचा स्वतःचा स्टुडिओ आहे, मोठे गायक आमच्या तारखा मागतात. काशीदच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर दोन गाड्यांतून आमची दोन वेगळी गाणी ऐकू येतात.

सगळ्यात जास्त चाललं ते तुझं. म्हणजे चाल तुझी. तू पडवीत सुपाऱ्या सोलतेयस, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणतेयस, आणि मी नवा फोन तुझ्यासमोर धरते. तू दचकतेस. "बंद कर ते. ह्यात ऐकण्यासारखं काय न्हाय," म्हणतेस आणि उठून आत जातेस. मला वाटलं, लाजलीस. तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ते मी मैत्रिणीला ऐकवलं. तिने वेग दुप्पट केला, खाली ढोल घातला, आणि मी वर नवरदेवाच्या थट्टेचे शब्द बसवले.

परवा तेच वाजत होतं. सगळा मांडव नाचत होता. मावशी म्हणाली, "ही चाल कुठं गावली तुला?"

"आईची आहे."

"आईचीच हाय. तुझ्याआधी पोरगा झालेला तिला. सात महिन्यांचा होऊन गेला. त्याला न्हेला, तरी ती रिकामी झोळी हलवत हेच म्हणत बसायची. शेवटी तुझ्या बापानं झोळी सोडून ठेवली."

मला भाऊ होता, हे मला चौतिसाव्या वर्षी, भर मांडवात, माझ्याच गाण्याच्या ठेक्यावर कळलं. आजूबाजूला बायका माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होत्या.

घरी आल्यावर मैत्रिणीला फोन केला. मावशीने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू सांग. काढून टाक म्हणालीस तर आत्ता काढते." दोन दिवस झाले, मी तिला उत्तर दिलेलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. मावशीचं बोलून झालं, गाणं संपलं, आणि नवरीच्या भावाने लांबूनच मला हाताने विचारलं, पुन्हा लावू का? मला सगळं कळलेलं होतं. तरी मी मान हलवली, लाव म्हणून.