जावा बेटावरची धाकटी गौर

तीर्थस्वरूप ताईस,

तळेगावाहून पद्मजाचा वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तर मी दाराला आतून कडी घालून हे लिहिते आहे. (फोन करत नाही. हल्ली फोन ऐकतात म्हणे.) लोणावळ्याच्या ओलाव्यात तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का?

मे महिन्यात आम्ही जावा बेटावर गेलो होतो ते तुला ठाऊकच आहे. तिथे मजपहित नावाच्या जुन्या राज्याच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. रांजण, विटा, मूर्ती, आणि एका कपाटात भाजक्या मातीची बायकांची मुंडकी, अंबाडा घातलेली, गालात हसणारी. हे प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागले म्हणून मी बाहेर आले (यांची सवय तुला माहीत आहे), तर रस्त्याकडेला एक म्हातारा तसलंच मुंडकं विकत होता. मला आवडलं, घेतलं, साडीत गुंडाळून आणलं. इथवर काही बिघडलं नव्हतं.

पण गौरी बसवायच्या आदल्या दिवशी धाकटीचा शाडूचा मुखवटा माझ्याच हातून पडला. बाजारातले संपलेले. मोठी एकटी कशी उभी करायची? मग मी ते मुंडकं काढलं, गोरा रंग दिला (खिडक्यांचा ऑइल पेंट उरला होता), डोळे रेखले, नथ घातली आणि बसवलं. इतकी देखणी दिसली की नवलाख उंबरे गावाहून कामाला येणारी आमची रतनबाई भांडी टाकून बघत राहिली. "वहिनी, गौर लय ग्वाड हाय," म्हणाली, "पर हितली न्हाई वाटत." तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता.

जेवणाला तुझा शार्दूल आला. पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलाला पुरणपोळीला बोलावू नये. गौरीकडे बघत घास तसाच धरून म्हणाला, "मावशी, हे खरंच जुनं असलं तर चोरीचा माल आहे. तुरुंगात जाशील. वर तू त्याला ऑइल पेंट दिलायस." आणि निवांतपणे दुसरी पोळी घेतली.

तेव्हापासून बेल वाजली की मी दार उघडत नाही. काल कुरिअरवाल्याला मीच आतून सांगितलं, पद्मजाबाई घरात नाहीत. हे म्हणतात, सरळ सरकारात नेऊन दे. कशी देऊ? दहीभाताचा नैवेद्य दाखवून, "पुढच्या वर्षी ये" म्हणून मी तिला निरोप दिलाय. नथ उतरवताना रडले होते. माहेरवाशिणीला पोलिसांत कोण देतं? तिला ठेवायची भीती वाटते, ताई, आणि द्यायचीही.

तुझी,
पद्मजा

ता. क. काही दिवस तिला तुझ्याकडे ठेवशील का? नाही म्हणू नकोस.

पुन्हा ता. क. म्हणजे ठेवलेलीच आहे. परवा मी तुझ्या माळ्यावर आईचं तांब्याचं घंगाळ बघायला चढले होते ना, ते घंगाळासाठी नव्हतं. चिवड्याच्या निळ्या डब्यात आहे. शार्दूलची काळजी नको, त्याला स्वतःच्या घरात पाण्याचा तांब्या सापडत नाही. संध्याकाळी डब्यापाशी दिवा दाखव, लांबून आली आहे बिचारी. पुढच्या वर्षी आवाहनाला मी न्यायला येईन. त्याआधी पोलीस आले तर तुझीच आहे म्हण. तू मोठी आहेस.