फोन ऐकतो आणि मीही

३ फेब्रुवारी, मंगळवार
रोहिणीने नाशिकहून नवा फोन पाठवला. लेक असावी तर अशी. मोजून पाहिलं, आत एक्केचाळीस अॅप. मी टाकलेलं एकही नाही. ही मंडळी कोण? कुणाला विचारून बसली?

रात्री जेवणानंतर एकेकाला बाहेर काढलं. सदतिसावं 'स्मार्ट साथी' नावाचं. ते निघेना. सेटिंगमध्ये लिहिलंय: मायक्रोफोन, तीन मिनिटांपूर्वी वापरला. तीन मिनिटांपूर्वी मी फक्त ढेकर दिला होता.

संकल्प: आजपासून महत्त्वाचं सगळं कागदावर. वहीला मायक्रोफोन नसतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार, संध्या. ६
पुरावा मिळाला! फोन उघडला तर जाहिरात: 'कानाचं मशीन, दिसणारही नाही.' खाली टक्कल पडलेला एक म्हातारा हसतोय.

इथे वहीत लिहायला हरकत नाही. डावा कान जरा आळशी झालाय. बाकी कान उत्तम. दोष लोकांचा, हल्ली सगळे पुटपुटतात. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोला, मंगलालाही नाही. परवा फक्त गच्चीवर एकटा असताना स्वतःशी म्हणालो होतो. म्हणजे फोनने ऐकलं. दुसरं कोण ऐकणार?

२७ तारखेला शाळेत मराठी भाषा दिन. एकोणीस वर्षं सूत्रसंचालन माझं. ही बातमी फुटली तर माईक हेमकांत सरांच्या हातात. विज्ञानाचा माणूस! 'सुस्वागतम्' म्हणताना त्यांची जीभ तीनदा घसरते. शिवाय मुलं मला 'बहिरे सर' म्हणतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. डी. एल. पाटील म्हणूनच निवृत्त होणार, बहिरे म्हणून नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
लोणखेड्याहून गाडी काढून शहाद्याला कामरानच्या दुकानात. मोबाईल दुरुस्तीत हुशार, माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, ये निकलता नहीं, कंपनी से बैठ के आया है. डिसेबल होईल, अनइन्स्टॉल नाही. म्हणजे पाहुणा झोपेल, पण घर सोडणार नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन अगदी हळू विचारलं की हे अॅप माणसाचे आजार ओळखतं का. तो म्हणाला, सर, थोडा आवाज कम करो, सामने वाले चाचा भी सुन रहे हैं.

समोरचे चाचा खरंच बघत होते. त्यांच्या हातातही फोन होता. मी समजायचं ते समजलो.

८ फेब्रुवारी, रविवार
मंगलाला समोर बसवून नियम जाहीर केले.

पहिला, फोन घरात असेल तेव्हा पिठाच्या डब्यात. दुसरा, सगळ्यांनी हळू बोलायचं. तिसरा (हा माझ्या बुद्धीचा खरा नमुना): घरात फक्त अहिराणी. कंपनीला इंग्रजी येतं, हिंदी येतं, मराठीही आता येतं म्हणे. अहिराणी कुठून येणार? तिचं साधं पाठ्यपुस्तक नाही.

मंगला बघतच राहिली. साहजिक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मीच तिला सांगितलं होतं की मराठीच्या शिक्षकाच्या घरात 'शे' आणि 'मन्हा' चालणार नाही. अठ्ठावीस वर्षं तिच्या 'शे'चं 'आहे' आणि 'मन्हा'चं 'माझा' मी करत आलो. ती म्हणाली, मंग मी आते मन्ही बोलीमा बोलू ना? मी म्हटलं, बोल, पण हळू.

आणि बाई सुरू झाली. सकाळपासून बोलतेय. फार हळू बोलते, त्यामुळे नेमकं काय ते कळलं नाही. पण चेहरा प्रसन्न. नियम यशस्वी.

ता.क. रोहिणीचे नऊ मिस्ड कॉल. पिठातून रिंग ऐकू येत नाही. बाहेर ठेवला तरी येत नाही, हा फोनचाच दोष.

११ फेब्रुवारी, बुधवार
लहानसा घोळ. सकाळी मंगला स्वयंपाकघरातून हळू आवाजात (नियमाप्रमाणे) म्हणाली की मिरवणुकीला जायचंय. कुणाची ते विचारलं नाही, शिक्षकाला माहीत असायला हवं. पांढरा इस्त्रीचा सदरा, टोपी, कपाळाला गंध लावून ओट्यावर उभा राहिलो. ती बाहेर आली ती डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं घेऊन. 'मिरची कांडाले जानं शे' असं म्हणाली होती.

मी मुळीच गडबडलो नाही. म्हटलं, माहीत आहे, चल. मिरची कांडायला पांढऱ्या सदऱ्यात गेलो. गिरणीत सगळे आदराने बघत होते. परतताना सदरा केशरी. आता त्याची मिरवणूकच काढावी लागेल. गिरणीवाला शिंकत शिंकत काहीतरी म्हणाला, मी हसून मान हलवली. अशा वेळी हसून मान हलवावी, नव्वद टक्के वेळा जमतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
रोहिणीचा फोन आला. फोन योगायोगाने हातातच होता. ती बराच वेळ बोलली. मी स्पीकर लावला नाही (गोपनीयता). 'हो, हो, तुला योग्य वाटेल ते कर' म्हणालो. मुलीवर बापाचा विश्वास पाहिजे. शेवटी ती जवळजवळ रडवेली वाटली, आनंदाने असेल. कशाला हो म्हणालो ते समजलं नाही. समजेलच.

१८ फेब्रुवारी, बुधवार
हेमकांत सर स्टाफरूममध्ये म्हणाले की तुमच्या वर्गाची हजेरी दोन वर्षं शंभर टक्के कशी? त्यांच्या वर्गात रोज आठ-दहा गैरहजर. मी सांगितलं, शिस्त. मी नाव घेतो, 'हजर' येतं, पुढे जातो. नजर वर करायचीही गरज पडत नाही. ते हसले. जळतात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
उद्याची तयारी झाली. स्मार्ट साथी डिसेबल केलंय. ब्लूटूथ बंद, लोकेशन बंद, फोन पिठात, डब्यावर पाटा ठेवलाय. आता जगात कुणालाही काही कळणं शक्य नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार, दु. ४
लिहवत नाही. पण वहीशी खोटं बोलायचं नाही असं ठरलंय.

प्रमुख पाहुणे डोंगरसिंग पावरा, तळोद्याच्या सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. जीपमध्ये ऊन लागलं होतं. दीपप्रज्वलन छान झालं. मग ते माझ्याकडे वाकले (डावीकडून, दैव!) आणि काहीतरी म्हणाले. मी हसून मान हलवली. माईकवर गेलो. म्हटलं, आनंदाची गोष्ट, आपल्या पाहुण्यांना थोडी गाणी म्हणायची इच्छा आहे.

त्यांनी पाणी मागितलं होतं.

पाचशे मुलांनी टाळ्या सुरू केल्या. बिचारे उठले. कोरड्या घशाने त्यांच्या पावरी बोलीतलं गाणं म्हटलं. दुसरं कडवं सुरू झालं तशी डोंगराकडची मुलं बाकांवर उभी राहून साथ द्यायला लागली, मग सगळी शाळाच. मराठी भाषा दिनाला एवढा रंग एकोणीस वर्षांत भरला नव्हता. गाणं संपल्यावर हेमकांत सरांनी पाहुण्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्या हातातला माईक अलगद काढून घेतला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ऐकू तरी आलं असतं.

त्याच दिवशी, रात्री ८
मंगलाला सांगावंच लागलं. डाव्या कानापासून सुरुवात केली. तिने मधेच थांबवलं. यावेळी हळू नाही. म्हणाली, दोन वरीस व्हई ग्यात. बठ्ठा गावले माहीत शे, तुम्हलेच माहीत नही.

बठ्ठा गावले! सगळ्या गावाला! गच्चीवर मी 'स्वतःशी' बोललो होतो ते म्हणे तीन गल्ल्यांत ऐकू गेलं. गल्लीतल्या बायकांनी लगेच येऊन तिला धीर दिला होता.

मी म्हटलं, पण मग ती जाहिरात? ती फोननेच टाकली ना? मंगला पदराचं टोक चाळवत म्हणाली की फोन आला त्याच दुपारी, मी झोपलो असताना, तिने त्याच्यावरचं माईकचं चित्र दाबून 'मन्हा मानूसले ऐकू येत नही, कानना मशीन कोठे भेटस' असं विचारलं होतं. वर म्हणाली, मी इचारं, त्यानी दखाडं.

म्हणजे कंपनीला अहिराणी येते. मनाला लागलं ते एवढंच. मी अठ्ठावीस वर्षं जी भाषा घरात येऊ दिली नाही, ती त्यांना येते.

मग तिने हेही सांगितलं की १४ तारखेला मी रोहिणीला कशाला हो म्हणालो होतो. धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला. पोरगी म्हणे फोनवर रडली. पप्पा एकदम हो म्हणतील असं तिला वाटलंच नव्हतं. मी वाद घातला नाही. बापाचा शब्द म्हणजे शब्द.

८ मार्च, रविवार
धुळ्याला कान तपासून झाले, आज रोहिणी मशीन घेऊन आली. खरंच दिसत नाही. मी टोपी घालतो, मग कशाला दिसेल.

पण भानगड अशी की ते फोनवरच्या अॅपवर चालतं. रोहिणीने अॅप टाकून फोन माझ्या हातात दिला. मायक्रोफोन वापरू द्यायचा? लोकेशन कळू द्यायचं? ब्लूटूथ? सतत मागे चालू राहू द्यायचं? फोनवर पीठ होतं, ते पुसलं. महिनाभर ज्यांच्याशी लढलो तेच चौघे दारात उभे. रोहिणी माझ्याकडे बघत होती.

अलाऊ. अलाऊ. अलाऊ. अलाऊ.

मग ती म्हणाली, पप्पा, ऐकू येतंय? अगदी हळू म्हणाली होती. माझे डोळे भरून आले. मिरचीचा ठसका, दुसरं काय.

९ मार्च, सोमवार
हजेरी घेतली. अकरा गैरहजर. एकच आवाज सात नावांना 'हजर' म्हणत होता, प्रत्येक वेळी घसा बदलून. दोन वर्षं! मेहनत आहे पोराची. पुढच्या वर्षी नाटकात घेणार.

११ मार्च, बुधवार
घरात मात्र काहीतरी बिनसलंय. मशीन आल्यापासून मंगला गप्प. विचारलं तर 'काही नाही' म्हणते, तेही शुद्ध मराठीत.

संध्याकाळी चष्मा शोधत होतो. स्वयंपाकघरातून स्पष्ट ऐकू आलं: चष्मा कपायवर शे, आन् मानूस बठ्ठं घर धुंडी ऱ्हायना. मी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि आत डोकावून म्हटलं, सापडला, थँक्यू. ती एवढी दचकली की हातातलं उलथनं पडलं.

म्हणाली, आते मी बोलू कोठे?

तेव्हा उजेड पडला. दोन वर्षं ही बाई माझ्याबद्दल, माझ्यासमोर, जे मनात येईल ते बोलत होती. पोट भरून. बिनधास्त. जगात सगळ्यात सुरक्षित जागा तिच्याकडे होती, माझे कान. घरात चोरून ऐकणारं यंत्र आता आलंय आणि ते मी आहे.

ती फोन घेऊन परसात गेली. खिडकीतून ऐकू आलं (मी ऐकत नव्हतो, आलं). कामरानला विचारत होती की हाई मशीन बंद कराना बटन कोठे शे. त्याचं उत्तर काय आलं ते माहीत नाही. पण चेहऱ्यावरून कळलं. डिसेबल होईल, अनइन्स्टॉल नाही.

१२ मार्च, गुरुवार, रात्री ९
जेवताना मंगला ताटात वाढता वाढता, बघू या म्हणून, अगदी पुटपुटली. वरणात मीठ कमी पडलंय, आणि हा माणूस अठ्ठावीस वर्षांत एकदाही उठून मीठ घेणार नाही, असं काहीतरी. मशीन चालू होतं. शब्द न् शब्द ऐकू आला.

मी वर बघितलं आणि म्हटलं, हं? काय म्हणालीस?

चार दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. 'काही नही' म्हणाली आणि मग वळून, मोकळी होऊन, माझ्या आईपासून जी सुरू झाली ती पार भांडी होईपर्यंत. मी हसून मान हलवत राहिलो. मधे उठून मीठही आणलं, उगीच आठवल्यासारखं.

सगळं ऐकलं. बरंचसं खरं आहे.