दाजींच्या शब्दकोशासाठी ‘लाईट’

आलमबाग, लखनौ
गुरुवार, १४ जून २००७

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी, पंख्याखाली बसलेल्या (पंखा बंद आहे) हेमचंद्राचा घामेजलेला नमस्कार.

आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमचं पोट? इकडे मी, वसुधा आणि आमचा राजस, तिघंही जिवंत आहोत. जूनच्या लखनौत याहून जास्त सांगण्यासारखं काही नसतं.

निवृत्तीनंतर तुम्ही एकट्याने इंग्रजी-मराठी शब्दकोश करायला घेतलात आणि सात वर्षांत ‘एल’पर्यंत येऊन पोचलात, याबद्दल अभिनंदन. (‘झेड’ येईल तेव्हा आपण कोणीच नसू, असं वसुधा म्हणते. मी तिला गप्प केलं.) ‘लाईट’ या शब्दाचे लखनौकडचे अर्थ आणि उपयोग उदाहरणांसह कळवावेत, ही तुमची पोस्टकार्डावरची आज्ञा मिळाली. त्याच कार्डाच्या कडेला उभ्या ओळीत, ‘राजसच्या स्थळाचं काय झालं?’ असंही विचारलं आहेत. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असल्यामुळे एकाच पत्रात देतो.

तुमच्या कोशात ‘प्रकाश’ आणि ‘हलका’ हे दोन अर्थ असणार. ते इथे फारसे चालत नाहीत. इथे भर दुपारी बारा वाजता, डोळे उघडता येत नाहीत असं ऊन असताना, माणूस दारात येऊन ‘लाइट नहीं है’ म्हणतो आणि कोणालाही हसू येत नाही. लाईट म्हणजे वीज, हे सांगलीतही कळतं. पण तुमच्याकडे तिच्या जाण्याची बातमी होते आणि इथे येण्याची. फोनवर प्रकृतीची चौकशी नंतर, आधी ‘आपके यहाँ आ रही है?’ आपल्याकडे नाही आणि त्यांच्याकडे आहे असं निघालं की स्नेहसंबंध थोडे थंडावतात. कुठलंही काम का झालं नाही याचा खुलासा म्हणून ‘लाइट नहीं थी’ हे वाक्य शिंप्यापासून विद्यापीठापर्यंत मंजूर आहे. (आमच्या न्हाव्याने परवा माझी हजामत अर्धी सोडून हेच सांगितलं. कात्री हाताची होती.) तरुण मंडळी ‘लाइट लो’ म्हणतात, म्हणजे मनाला लावून घेऊ नका. राजस मला ते दिवसातून चारदा म्हणतो. शिवाय आमच्या रेल्वेत डब्यांशिवाय एकटं धावणाऱ्या इंजिनाला लाइट इंजिन म्हणतात. एकोणतिशी गाठलेला राजस हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण, आणि गेली चार वर्षं वसुधा त्याच काळजीने झिजते आहे.

आता स्थळ. चंद्रकांतरावांची स्वरदा तुम्हीच सुचवलीत. मुलगी शाळेत विज्ञान शिकवते, राहणार इथलीच, गोमतीपलीकडे. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. पत्रिकेबरोबरच्या कागदावर ‘वडील: सरकारी खात्यात वरिष्ठ अभियंता’ एवढंच होतं. आपल्या सांगलीकडे सरकारी अभियंता म्हणजे पाटबंधारे: धरण, कालवा आणि विश्रामगृहावर कोंबडी. त्यामुळे कुठलं खातं, हे विचारण्याची गरज मला वाटली नाही. चूक माझी एकट्याची नाही, एवढंच इथे नोंदवून पुढे जातो.

गेल्या रविवारी मुलगी आणि तिचे आईवडील जेवायला आले. राजसने मलिहाबादहून दोन पेट्या दशहरी आंबे आणले होते. इकडची शहाणी माणसं दशहरी बादलीत गार करून चोखून खातात. पण मराठी पाहुणे मराठी घरी आले म्हटल्यावर आमरस-पुरी हवीच. रस सकाळीच हाताने काढून ठेवते, असं वसुधा म्हणाली होती. मी म्हटलं, नाही, आयत्या वेळी मिक्सरमधून ताजा काढू. रविवारी अकरा ते एक लाईट जात नाही, माझा अभ्यास आहे. मानक नगरला तीस वर्षं रेल्वेच्या संशोधनात काढल्यावर माणसाला एवढा अंदाज असायचाच. पावणेबाराला मिक्सर एकदा घुर्रकन ओरडला आणि गप्प झाला.

चंद्रकांतराव मोठे साधे. घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या आणि पातेलं पुढ्यात ओढून स्वतः आंबे पिळायला बसले. पाहुणा आपल्या घरी राबतोय म्हटल्यावर त्याची करमणूक करणं माझं कर्तव्य होतं. मी विजेच्या खात्यावर सुरू झालो. या खात्यातल्या अभियंत्यांना पदव्या बहुतेक लाईट गेलेली असताना वाटल्या, म्हणून कोणाची कोणाला गेली ते कळलं नाही, असं म्हणालो. हे लोक कचेरीतसुद्धा लाईटसारखेच असतात, आले असं ऐकू येतं पण दिसत नाहीत, असंही म्हणालो. स्वरदा डोळे पुसत हसत होती आणि ‘और बताइए न, अंकल’ म्हणत होती. राजसने टेबलाखालून दोनदा लाथ मारली. मला वाटलं, पोरगं उकाड्याने चुळबुळतंय. तिच्या आई सुनीतीबाई पुऱ्या मोजत असल्यासारख्या बघत राहिल्या. त्या भरात मी शेवटचं वाक्य टाकलं, की बाकी कुठेही सोयरीक करीन, पण विजेच्या खात्यातला माणूस माझ्या उंबरठ्याच्या आत येणार नाही.

तेवढ्यात शेजारचे जयसिंग वर्तमानपत्राने वारा घेत आत आले आणि चंद्रकांतरावांना बघून त्यांनी थेट हात जोडले. “साहब, आप यहाँ! हम तो पूरी गली की अर्ज़ी लेकर दो बार आपके दफ़्तर हो आए.”

मला आधी वाटलं, आलमबागला कालवा येतोय.

चंद्रकांतराव हातातली कोय नीट पिळत म्हणाले, “अर्ज़ी मिल गई है.” मग वसुधाकडे वळून म्हणाले, “वहिनी, आंबा फार गोड निघाला.” दोन वाट्या रस घेतला, हात धुतले, घड्याळ घातलं आणि निघाले. आमच्या भागाची लाईट तीन महिन्यांपासून त्यांच्याच ताब्यात आहे, हे मला जयसिंगांनी नंतर समजावून सांगितलं.

आज चौथा दिवस. तिकडून निरोप नाही. वसुधा माझ्याशी फक्त मीठ, पाणी आणि कुलूप एवढ्याच विषयांवर बोलते. थट्टा सोडून सांगतो, दाजी, मुलगी मला फार आवडली. राजसलाही आवडली आहे. रविवारपासून तो मला ‘लाइट लो’सुद्धा म्हणालेला नाही. माझ्या जिभेपायी पोराचं ठरत आलेलं लग्न मोडलं, तर मी स्वतःला माफ करणार नाही.

यातलं कोशात जे बसेल ते घ्यावं, उरलेलं आक्काला वाचून दाखवू नये.

आपला घाम पुसणारा मेव्हणा,
हेमचंद्र

ता. क. खरं काम हे: तुम्ही चंद्रकांतरावांना आजच्या आज पत्र घाला. हेमचंद्र लहानपणापासून असाच आहे, स्वतःच्या लग्नात तो सासऱ्याच्या पोस्टखात्यालाही असंच बोलला होता आणि तो संसार टिकला आहे, असं लिहा. खातं कोणतं हे तुम्ही सांगितलं नव्हतं, याचा उल्लेख मी कुठेही करणार नाही. (आक्काकडे करीन.)

ता. क. दुसरा, शनिवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. चंद्रकांतरावांना लिहू नका. काल सकाळी स्वरदाचा वसुधाला फोन आला. “आंटी, घर में यही सब मैं रोज़ बोलती हूँ, पापा हँसकर टाल देते हैं. अब दो लोग हो जाएँगे.” तिचा होकार, राजसचा होकार, चंद्रकांतरावांचाही होकार. वसुधा माझ्याशी सगळ्या विषयांवर बोलू लागली आहे. एवढं आनंदाचं वर्तमान. काल संध्याकाळी मात्र वीस मिनिटं लाईट गेली आणि अख्खी गल्ली साहेबांचे व्याही म्हणून माझ्याच दारात जमली. दाजी, मी उंबरठ्यावर उभा राहून विजेच्या खात्याच्या बाजूने पाऊण तास बोललो.