शीटमधली शेवटची ओळ

सोमवार, ४ मार्च

सुचलं! शीटमध्ये एका बाजूला हजेरीचे तास, दुसऱ्या बाजूला घडी घातलेल्या चादरी. भागाकार केला की आपोआप दिसेल — हॉस्पिटलच्या या लाँड्रीत संध्याकाळच्या पाळीला एक माणूस कमी आहे. त्या पाळीतल्या सगळ्यात जुन्या काकूंचं उजवं मनगट सुजून टम्म झालंय, तरी घड्या चालूच. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "भावना नकोत, आकडे आणा."

आणते की!

मंगळवार, ५ मार्च

सगळ्यांच्या ओळी भरल्या. शेवटी माझीही घातली — तास भरपूर, चादरी शून्य. शेजारच्या टेबलावरून हिशेबनीस काका डोकावले. "अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला?" म्हटलं, सगळ्यांचं मोजायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नाही. खो-खो हसले.

घरी बाबा येईल त्याला सांगतात, "आमची ऑफिसात बसते हो. खुर्चीवर!" घरातली पहिली पदवीधर ना मी. म्हणून तरी हे नीट व्हायला हवं.

गुरुवार, ७ मार्च

घोळ आहे काहीतरी. शीटप्रमाणे संध्याकाळची पाळी सगळ्यात वेगवान! म्हणजे माणूस वाढवायचा नाहीच — उलट एखादा काढायचा! सूत्र पुन्हा पुन्हा तपासलं. बरोबर आहे.

शुक्रवार, ८ मार्च

कळलं! दुपारी खाली जाऊन उभी राहिले. संध्याकाळच्या पाळीला अजून अर्धा तास होता, आणि सगळ्याजणी घड्या घालतायत — हजेरीचं कार्ड पंच न करता! चादरी यांच्या नावावर पडतात, तास पडतच नाहीत.

"काकू, आधी पंच करायचं ना?"

"हे सकाळच्या बायकांचं उरलेलं. शेजारणीचा पसारा आवरायला कुणी हजेरी मागतं का?"

"पण हे काम कुठेच दिसत नाही!"

"तू पाहिलंस ना? झालं तर."

विनवण्या केल्या. "बरं बाई," म्हणाल्या — लहान मुलाला म्हणतात तसं. आणि पुढची चादर झटकली.

सोमवार, ११ मार्च

शीट दिली. खाली टीप लिहिली होती — पाळीआधीचं काम तासांत धरलेलं नाही. साहेबांनी टीप वाचलीच नाही. बोट थेट शेवटच्या ओळीवर.

"हे कोण?"

"मी, सर."

"मग माणूस मिळाला की! उद्यापासून संध्याकाळच्या पाळीला."

हिशेबनीस काका या वेळी हसले नाहीत.

बाबा म्हणाले, "म्हणजे खुर्ची गेली?" मग बराच वेळ टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसले.

मंगळवार, १२ मार्च

लवकर पोचले. ढीग तयारच. काकू म्हणाल्या, "ये ऑफिसवाली, धर हे टोक." म्हटलं, थांबा — आणि आधी पंच केलं. यंत्र टिंग वाजलं. मी येऊन टोक धरलं.

मग मागे टिंग. पुन्हा टिंग.

सगळ्यात शेवटी काकू. डाव्या हाताने.