सॅम बुडायच्या आधी

पासिर रिस, सिंगापूर
ऑगस्ट २००६

प्रिय अनिमेष,

परवाच फोनवर बोललो आणि आज पत्र, म्हणून दचकू नकोस. काही गोष्टी मला फोनवर सांगायला जमत नाहीत. तू मध्येच हसवतोस आणि माझं राहून जातं. मराठीतच लिहितेय. रविवारी तुझे मित्र क्रिकेटला जायचे आणि तुला मी जबरदस्तीने बाराखडी गिरवायला बसवायचे, ती मेहनत आज वसूल करतेय म्हण. हळूहळू वाचशील, तेच बरं.

नव्या नाटकात तुला दोन प्रवेश मिळाले हे ऐकून बरं वाटलं. मालिका सुटल्यापासून तू पुन्हा हॉटेलात बशा उचलतोस हे तू सांगत नाहीस, पण तुझ्या आवाजावरून कळतं. मला तुझं पहिलं नाटक आठवतं. मेलबर्नमधलं ते गोदामासारखं थिएटर, आणि तू भाला धरून उभा, तोंडातून एक शब्द नाही. मी सगळा वेळ तुझ्याचकडे बघत होते; नायकाचं शेवटी काय झालं ते मला आजही माहीत नाही. बाबा आले नव्हते. कॉमर्सचं शेवटचं वर्ष सोडून तू अभिनय शिकायला गेलास, तेव्हाच ते म्हणाले होते, खोटं खोटं रडण्याचे पैसे घेणाऱ्या मुलाचं नाटक मी बघणार नाही. मग त्यांची इथल्या बँकेत बदली झाली, तू तिथेच राहिलास, आणि तुमचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच.

मागच्या वर्षी तुझी ती मालिका इथे सुरू झाली. तिकडे दाखवून झालेले भाग इथे वर्षभराने येतात. शेजारच्या लिम आंटी त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत धावत सांगायला आल्या, "युअर सन ऑन टीव्ही, लाह!" समुद्रकिनाऱ्यावरचा लाइफगार्ड सॅम म्हणून तू पडद्यावर आलास, तेव्हा मला वाटलं बाबा उठून आत जातील. ते बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन बसले. आता रोज संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतात आणि तू दिसलास की बारीक हसतात. हे वाचून तू सुखावशील हे मला ठाऊक आहे. इथेच थांबता आलं असतं तर मी थांबले असते.

गेल्या महिन्यात सॅम मोटारसायकलवरून पडला तो भाग लागला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबांनी विचारलं, अनिमेषचा पाय कसा आहे, त्याला घरची हळद पाठव. मी म्हटलं, अहो, तो मालिकेतला सॅम. त्यांनी मलाच समजावलं: तिथल्या लोकांना अनिमेष म्हणता येत नाही, म्हणून सॅम म्हणतात, मला नाही का बँकेत सगळे पॅट म्हणायचे? प्रतापचा पॅट झालेला आपण तिघांनीही इतकी वर्षं मुकाट्याने ऐकलाच होता.

दोन वर्षांपूर्वी ते चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसातून निघाले आणि पासिर रिसच्या एमआरटी स्टेशनवर बसून राहिले. घर कुठल्या दिशेला ते आठवेना. डॉक्टरांनी सांगितलं, आठवण अशीच जात राहणार. त्या दिवशी टॅक्सीत, पूर्ण भानावर असताना, त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळू द्यायचं नाही. तो काम सोडून धावत येईल, म्हणाले, आणि आत्ता कुठे त्याला काम मिळायला लागलंय. म्हणजे राग कधीच निवळला होता, अनिमेष. फोन करून काय बोलायचं तेवढं त्यांना सुचत नव्हतं. दर रविवारी मी 'बाबा झोपलेत' म्हणते ते यासाठी. आता फोनवरचा तुझा आवाज त्यांना ओळखू येत नाही. चेहरा येतो, पण तोही टीव्हीवरचा. तुझा नवा, दाढीवाला फोटो दाखवला तर म्हणाले, कोण हा, चांगला दिसतो.

गेल्या वर्षी तू हसत हसत सांगितलं होतंस की तुला बुडवलं. सॅम वादळात कुणाला तरी वाचवायला गेला आणि पुढच्या भागात नुसती शवपेटी. तेव्हा मीही हसले होते. तो भाग इथे पुढच्या महिन्यात लागेल. एकदा टीव्ही बंद ठेवून पाहिला, तर बाबा बाहेर जाऊन लिफ्टपाशी उभे राहिले, पोराला आज उशीर का झाला म्हणत. म्हणून वचन मोडून लिहितेय. तू ये. दाढी काढ, केस बारीक काप, सॅमचा तो निळा टीशर्ट असेल तर घाल. तो भाग लागेल त्या संध्याकाळी टीव्ही बंद असेल आणि तू लिफ्टमधून बाहेर येशील. पुढेही राहता येईल तेवढं राहा. सॅमसारखा चाल, सॅमसारखा हस, पाय विचारला तर बरा आहे म्हण. पोटच्या मुलाला त्याच्याच बापासमोर सोंग घ्यायला सांगतेय, हे कळतं रे मला, आणि त्याचं फार वाईट वाटतं. पण तुझं एकही काम त्यांनी टीव्हीबाहेर, प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. हे एवढं त्यांच्यासाठी कर. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतील.

तुझीच,
आई