रिकाम्या नळीतली रेघ

नांदेड, बुधवार, संध्याकाळ

ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही. कर्करोगाच्या पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना धरतात, यावर माझ्या विद्यार्थिनीचा, शबानाचा, सगळा पीएच.डी.चा प्रबंध उभा. आज पडताळणीसाठी पहिलं प्रथिन मुद्दाम न घातलेल्या नळीच्या नमुन्यातही दुसऱ्याची रेघ फिल्मवर उमटली. फिकट, पण उमटली. म्हणजे दुसरं पहिल्याला धरतच नव्हतं, नुसतं नळीतल्या मण्यांना चिकटत होतं?

"मॅडम, लई फिकी हाय. फोटोत दिसायची बी न्हाई," शबाना म्हणाली.

शुक्रवारी तिला प्रबंध द्यायचा, मग तिचा निकाह. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर माझी खोडलेली चूकही उजेडात धरून बघायच्या. किती राग यायचा! आता शबानाला माझा येत असेल.

"पुन्हा करू. मी थांबते."

"अन् निकाह पुढं गेला तर अब्बांना कोण सांगणार?"

"मी."

उद्या ती रेघ उमटू नये म्हणून प्रार्थना करतेय. प्रयोगाआधी असं काही मागायचं नसतं, हे शबानाला मीच शिकवलं.